‘ओके’ म्हणजे नक्की काय?

विमान अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वादळ, आकाशात बंद पडलेलं इंजिन, नाहीतर डोंगरावर आदळलेलं विमान. पण विमानवाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत मोठा अपघात आकाशात झालेलाच नाही. दोन जंबो जेट, दोन्ही धडधाकट, इंजिनं ठणठणीत, वैमानिक अनुभवी. आणि ती एकमेकांवर आदळली ती जमिनीवर, एकाच धावपट्टीवर. ५८३ माणसं गेली. तारीख २७ मार्च १९७७. ठिकाण स्पेनच्या ताब्यातलं, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं तेनेरिफे बेट.

मी ई अँड टीसीचा विद्यार्थी. या अपघाताशी माझी ओळख झाली ती एएम-एफएमचा अभ्यास करताना, एका शिट्टीमुळे. शिट्टी कसली ते पुढे येईलच. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की हा विषय फक्त आमच्या ब्रँचचा नाही. ‘ओके’, ‘हो सर’, ‘कळलं’ हे शब्द वापरणाऱ्या प्रत्येकाचा आहे. म्हणून हा लेख.

त्या दुपारी काय झालं?

खरं तर दोन्ही विमानं तेनेरिफेला जाणारच नव्हती. एक होतं हॉलंडच्या केएलएम कंपनीचं, ॲमस्टरडॅमहून आलेलं. दुसरं अमेरिकेच्या पॅन ॲमचं, लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कमार्गे आलेलं. दोघांनाही जायचं होतं शेजारच्या ग्रान कानारिया बेटावर. पण तिथल्या विमानतळावर त्या दुपारी बॉम्बस्फोट झाला, दुसऱ्या बॉम्बची धमकी आली, आणि विमानतळ बंद झाला. येणारी विमानं तेनेरिफेच्या लॉस रोदेओस या लहानशा विमानतळाकडे वळवली गेली.

एकच धावपट्टी आणि तिला समांतर एक टॅक्सीवे, एवढाच तिथला कारभार. विमानं उभी करायला जागा पुरेना, म्हणून ती टॅक्सीवेवरही लावली. गणपतीच्या दिवसांत पार्किंग भरलं की गाड्या रस्त्यावर लागतात, तसंच. आता रस्ताच अडला म्हटल्यावर उड्डाणासाठी धावपट्टीच्या टोकापर्यंत जायचं कसं? धावपट्टीवरूनच उलटं चालत जायचं आणि टोकाला वळून उभं राहायचं. दुसरा मार्ग नव्हता.

मधल्या वेळात केएलएमने ५५ हजार लिटरहून जास्त इंधन भरून घेतलं. पॅन ॲम निघायला तयार होतं, पण केएलएमच्या बाजूने बाहेर पडायला जागा नव्हती, म्हणून तेही अडकून राहिलं. तोवर हवा बदलली. विमानतळ समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरपेक्षा उंच आहे, त्यामुळे तिथे धुकं म्हणजे चक्क ढगच धावपट्टीवर उतरतात. पावसाळ्यात एसटीने घाट चढलेल्यांना वेगळं सांगायला नको. क्षणात समोरचं सगळं दिसतं, क्षणात पुढच्या गाडीचा दिवाही दिसत नाही.

अशा हवेत टॉवरने केएलएमला धावपट्टीवरून टोकाला पाठवलं, आणि पाठोपाठ पॅन ॲमलाही त्याच धावपट्टीवर सोडलं. पॅन ॲमला सूचना होती : डावीकडे तिसऱ्या फाट्याने बाहेर पडा. पण तो तिसरा फाटा असा होता की तिथून बाहेर पडायला जंबो जेटला जवळजवळ उलट वळण घ्यावं लागणार, सुमारे १४८ अंशांचं. पुढचा चौथा फाटा सोपा होता. पॅन ॲम तिसरा सोडून चौथ्याकडे निघालं. विमानतळावर जमिनीचं रडार नव्हतं. धावपट्टीच्या मध्यरेषेचे दिवे बंद होते. म्हणजे परिस्थिती अशी की टॉवरला दोन्ही विमानं दिसत नाहीत आणि विमानांना एकमेकं दिसत नाहीत. कोण कुठे आहे हे कळायचं एकच साधन : रेडिओवरचे शब्द.

शब्दांचा घोळ

केएलएम टोकाला पोचलं, वळलं. कॅप्टनने लगेच इंजिनांचा जोर वाढवायला सुरुवात केली. को-पायलटने त्याला थांबवलं : अजून एटीसीचा क्लिअरन्स मिळालेला नाही. कॅप्टन म्हणाला, माहीत आहे, विचार त्यांना.

इथे एक बारकावा समजून घ्यायला हवा. परवानग्या दोन असतात. एक मार्गाची : उडाल्यावर कुठे वळायचं, किती उंचीवर जायचं. दुसरी प्रत्यक्ष उड्डाणाची. टॉवरने दिली ती पहिली. पण ती सांगताना ‘टेकऑफनंतर उजवीकडे वळा’ असा टेकऑफ शब्द त्यात आलाच. को-पायलटने सूचना परत म्हणून दाखवल्या आणि शेवटी इंग्रजीत जोडलं, की आम्ही आता ‘ॲट टेकऑफ’ आहोत. त्याच्या मनात होतं : आम्ही निघालो आहोत. टॉवरने समजून घेतलं : आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत. तोवर कॅप्टनने ब्रेक सोडलेले होते.

टॉवरने उत्तर दिलं : ‘ओके.’ मग साधारण दोन सेकंदांची शांतता. आणि मग : टेकऑफसाठी थांबा, मी कळवतो. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमच्या कॉकपिटमधल्यांना शंका आली. त्यांनीही बटण दाबून सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही वाक्यं अशी होती की त्यांतलं एक जरी स्वच्छ ऐकू आलं असतं तरी केएलएमचं विमान थांबलं असतं. पण ती एकाच वेळी हवेत गेली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्वच्छ पोचला तो फक्त एक शब्द : ओके. पुढे सुमारे चार सेकंदांची शिट्टी.

शिट्टी का वाजली?

ही शिट्टी आमच्या सिलॅबसमधली आहे. विमानांचा रेडिओ साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये, एएमवर चालतो. पद्धत सिम्प्लेक्स, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं. बोलताना तुम्हाला ऐकू येत नाही. आता दोघांनी एकदम बटण दाबलं तर? कागदावर दोघांची कॅरिअर फ्रीक्वेन्सी एकच असते, प्रत्यक्षात कधीच तंतोतंत एक नसते. समजा फ्रीक्वेन्सी १२० मेगाहर्ट्झ आहे आणि दोन ट्रान्समीटरमध्ये दहा लाखात फक्त दहाचा फरक आहे. गुणाकार करा : १२०० हर्ट्झ. रिसिव्हरच्या डिटेक्टरमध्ये दोन कॅरिअर मिसळतात आणि त्यांच्यातला फरक स्पीकरमधून बाहेर येतो. १२०० हर्ट्झ म्हणजे कानाला स्पष्ट ऐकू येणारी शिट्टी. यालाच हेटरोडाइन म्हणतात.

तुम्ही म्हणाल, मग एफएम का नाही वापरत? आवाज तर छान येतो. गंमत अशी की एफएममध्ये ‘कॅप्चर इफेक्ट’ असतो. दोन सिग्नल एकदम आले तर जोरकस सिग्नल दुसऱ्याला पार गिळून टाकतो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही की आणखी कोणी बोलत होतं. एएममध्ये निदान शिट्टी तरी वाजते. म्हणून माझ्या मते त्या शिट्टीला नुसता गोंगाट म्हणणं बरोबर नाही. तीही एक माहिती आहे : आत्ता कोणीतरी काहीतरी बोललं, आणि ते तुम्ही ऐकलेलं नाही. अशा वेळी पुन्हा विचारायचं असतं. त्या दिवशी कोणी विचारलं नाही, कारण आधीचा ‘ओके’ पुरेसा वाटला.

‘तो बाहेर पडला नाही का?’

म्हणजे सगळा दोष रेडिओचा? तसंही नाही. शिट्टी संपल्यावर आणखी एक संधी आली होती. टॉवरने पॅन ॲमला सांगितलं की धावपट्टी मोकळी केली की कळवा, आणि पॅन ॲमने ‘कळवतो’ म्हटलं. हे बोलणं केएलएममध्ये ऐकू आलं. कॉकपिटमधल्या तिसऱ्या माणसाने, फ्लाइट इंजिनिअरने, ते पकडलं. विमान वेग घेत होतं. त्याने विचारलं, तो बाहेर पडला नाही का? कॅप्टनला नीट ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, ते पॅन अमेरिकन बाहेर पडलं नाही का? कॅप्टनचं उत्तर ठाम होतं : हो, पडलं.

विषय संपला. फ्लाइट इंजिनिअर गप्प झाला. को-पायलटही गप्प राहिला. त्याने थोड्याच वेळापूर्वी कॅप्टनला एकदा अडवलं होतं. दुसऱ्यांदा अडवणं जड गेलं असावं. कारण हा कॅप्टन साधासुधा नव्हता. केएलएमच्या ७४७ विमानांच्या वैमानिक प्रशिक्षणाचा तो प्रमुख होता, कंपनीच्या जाहिरातीत त्याचा फोटो होता. सरांना सरांचाच विषय कोण शिकवणार?

शिवाय कॅप्टनलाही घाई होती. हॉलंडमध्ये वैमानिकांच्या ड्यूटीच्या तासांचे नियम नुकतेच कडक झाले होते. आणखी उशीर झाला असता तर रात्र तिथेच काढावी लागली असती, प्रवाशांची सोय करावी लागली असती. जे ऐकायची इच्छा असते तेच कानाला ऐकू येतं, ते असं.

आता थोडं गणित. धडकेच्या वेळी केएलएमचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे सेकंदाला सुमारे ७२ मीटर. धुक्यात ३०० मीटरवरचं दिसतंय असं धरलं, तर हाताशी वेळ उरतो चार सेकंद. ब्रेकमुळे दर सेकंदाला सेकंदी ३ मीटर वेग कमी होतो असं मानलं, तर v²/2a या आपल्या बारावीच्या सूत्राने थांबायला ८६० मीटरच्या पुढे अंतर लागतं. म्हणजे दिसल्यानंतर काहीही करून उपयोग नव्हता. जे करायचं ते दिसण्याआधीच, शब्दांच्या पातळीवर करायला हवं होतं.

तरी दोघांनीही प्रयत्न केला. पॅन ॲमच्या कॅप्टनने पूर्ण जोर देऊन विमान डावीकडे, धावपट्टीबाहेर वळवलं. केएलएमच्या कॅप्टनने वेळेआधीच नाक वर उचललं. शेपूट धावपट्टीवर सुमारे वीस मीटर घासत गेली. विमान उचललंही गेलं. पुढचं चाक पॅन ॲमच्या वरून गेलं, पण मागची चाकं आणि इंजिनं त्याच्या छतावर आदळली. केएलएममधले सगळे २४८ जण गेले. पॅन ॲममधल्या ३९६ पैकी ६१ वाचले.

त्यानंतर काय बदललं?

तपास झाला. स्पेनच्या अहवालाने मुख्य ठपका केएलएमच्या कॅप्टनवर ठेवला. डच बाजूने दोन्हीकडच्या गैरसमजावर भर दिला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं ते पुढचं. ‘वैमानिक चुकला’ एवढं लिहून फाइल बंद झाली नाही.

पहिला बदल शब्दांत झाला. ‘टेकऑफ’ हा शब्द आता फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’ म्हणायचं. धावपट्टीशी संबंधित सूचनेला नुसतं ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ चालत नाही. सूचना शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते आणि कंट्रोलरने ती तपासावी लागते. याला रीडबॅक म्हणतात.

दुसरा बदल माणसांत. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली, १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने पहिलं प्रशिक्षण सुरू केलं. त्यालाच पुढे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट हे नाव रूढ झालं. मतितार्थ साधा आहे : ज्युनिअरने शंका स्पष्ट आणि पुन्हा पुन्हा मांडायची, आणि सीनिअरने ती ऐकून तपासायची. ‘बाहेर पडला नाही का?’ असा प्रश्न विचारण्याऐवजी ‘थांबा, धावपट्टीवर विमान आहे’ असं म्हणायला शिकवतात.

तिसरा बदल यंत्रांत. मोठ्या विमानतळांवर जमिनीचं रडार आलं, धावपट्टीच्या तोंडाशी लाल दिव्यांच्या रांगा, म्हणजे स्टॉप बार आले, काही ठिकाणी समोर धावपट्टी व्यापलेली असेल तर आपोआप लाल होणारे दिवे बसवले गेले.

मग प्रश्न सुटला का? नाही. ८ ऑक्टोबर २००१ ला इटलीत मिलानच्या लिनाते विमानतळावर पुन्हा धुकं होतं. एका छोट्या सेसना जेटला आर-५ टॅक्सीवेने जायला सांगितलं होतं, ते आर-६ ने गेलं आणि उड्डाण घेणाऱ्या एसएएस कंपनीच्या एमडी-८७ च्या वाटेत आलं. सेसनाच्या वैमानिकाने वाटेतल्या एका खुणेचं नाव रेडिओवर सांगितलं होतं, पण ती खूण कंट्रोलरच्या नकाशात नव्हतीच. आणि जमिनीचं रडार? जुनं बंद केलेलं, नवं अजून सुरू व्हायचं होतं. ११८ माणसं गेली, त्यांतले चार जण जमिनीवरचे कर्मचारी.

अगदी अलीकडे, २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर धुकंही नव्हतं. जपानच्या कोस्ट गार्डचं डॅश-८ विमान आदल्या दिवशीच्या नोतो भूकंपासाठी मदत घेऊन निघालेलं. कंट्रोलरने त्याला ‘नंबर वन’ म्हणत थांबण्याच्या रेषेपर्यंत यायला सांगितलं. अर्थ : रांगेत पहिला. वैमानिकाने सूचना बरोबर परत म्हटली, आणि तरीही धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली असं समजून तो आत जाऊन सुमारे ४० सेकंद उभा राहिला. त्याच धावपट्टीवर जपान एअरलाइन्सचं ए-३५० उतरलं. तिथले स्टॉप बार देखभालीसाठी बंद होते. कंट्रोलरच्या स्क्रीनवर इशारा आला होता, पण त्याकडे लक्ष गेलं नाही. कोस्ट गार्डच्या सहापैकी पाच जण गेले. म्हणजे रीडबॅकही पुरेसा नाही. ओठांवर बरोबर शब्द आणि मनात चुकीचा अर्थ, असं होऊ शकतं.

पण हानेडाची दुसरी बाजूही आहे. जळत्या ए-३५० मधले सगळे, ३७९ च्या ३७९ जण, १८ मिनिटांत बाहेर पडले. आतली उद्घोषणेची यंत्रणा बंद पडली होती. कर्मचाऱ्यांनी मेगाफोन आणि घसा वापरला. आठ दरवाजांपैकी तीनच वापरण्याजोगे होते. मागच्या दरवाजाजवळच्या केबिन क्रूचा कॉकपिटशी संपर्क होईना, तेव्हा कॅप्टनच्या हुकमाची वाट न बघता दरवाजा उघडायचा निर्णय तिथेच घेतला गेला. तो अधिकार त्यांना प्रशिक्षणातच दिलेला असतो. तेनेरिफेच्या कॉकपिटमधल्या तिसऱ्या माणसाकडे जे नव्हतं, ते हेच.

आपल्या देशातही हा विषय परका नाही. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. ८ जून २०२४ ला तिथे एअर इंडियाचं विमान उड्डाणासाठी धावत असतानाच इंडिगोचं विमान त्याच धावपट्टीवर मागून उतरलं. कोणाला इजा झाली नाही, चौकशी लागली. त्याआधी २७ मार्च २०२४ ला, तेनेरिफेच्याच तारखेला, कोलकात्यात इंडिगोच्या टॅक्सी करणाऱ्या विमानाचा पंख एअर इंडिया एक्स्प्रेसच्या उभ्या विमानाला घासला. फक्त पंखाचं टोक तुटलं. नशीब.

आणि आपली लॅब

आता कोणी म्हणेल, आम्हाला कुठे विमान चालवायचंय? पण मशीन लॅबमधला नेहमीचा सीन आठवा. चौघांचा ग्रुप. एक जण पॅनलच्या मागे कनेक्शन बघतोय, एक मीटरपाशी, एक जर्नलमध्ये मान घालून, चौथ्याचा हात स्विचवर. स्विचवाला विचारतो, ‘झालं का रे?’ जर्नलवाला आपल्या रीडिंगबद्दल म्हणतो, ‘ओके.’ इथे टॉवर कोण, पॅन ॲम कोण, तुम्हीच सांगा. ४१५ व्होल्टला धुक्याचीही गरज नसते.

प्रयोग सुरू होण्याआधी ‘कळलं ना?’ असं विचारल्यावर वर्गातून येणारा एका सुरातला ‘हो सर’ हाही रीडबॅक नव्हे. एखाद्याला उभं करून ‘आता तू काय करणार आहेस, सांग’ म्हटलं तर खरं काय कळलंय ते कळतं. सरांना आणि मॅडमना ही नम्र विनंती समजावी. आपल्या लॅबमधले मामा बरोबर करतात. ‘आधी मला कनेक्शन दाखव, मग हात लाव,’ म्हणतात, आणि दाखवल्याशिवाय मेन्स देत नाहीत. आपण त्यांना कटकटे म्हणतो. विमानतळावर त्याच कटकटीला स्टॉप बार म्हणतात.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्या प्रत्येक ग्रुपने तीन साधे नियम करून बघावेत. एक : ‘ऑन’ हा शब्द फक्त सप्लाय देण्याची परवानगी देतानाच वापरायचा, आणि तीही पॅनलमागच्या माणसानेच द्यायची. दोन : स्विचवाल्याने ‘ऑन करतोय’ असं मोठ्याने म्हणून एक श्वास थांबायचं. तीन : चौघांपैकी कोणीही, अगदी आज पहिल्यांदा लॅबमध्ये आलेल्या डायरेक्ट सेकंड इयरवाल्यानेही, ‘थांबा’ म्हटलं की हात मागे घ्यायचा, का म्हणाला ते नंतर विचारायचं. आणि त्याची शंका खोटी निघाली तर त्याला हसायचं नाही. कारण आज हसलात तर उद्या तो बोलणार नाही.

आणि कोणी नुसतं ‘ओके’ म्हणालं, तर विचारा : ‘कशाला ओके?’ दोन सेकंद जातील. तेनेरिफेच्या टॉवरने ‘ओके’नंतर घालवली तेवढीच.